आधी पुस्तकं, मग रीडर

ई-रीडर घेताना मी दर वेळी किमतीपासून सुरुवात केली. कुठला स्वस्त आहे, कशावर सूट आहे, कोणाकडे जुना पडून आहे, एवढंच पाहिलं. त्यावर मी वाचणार काय, ती पुस्तकं कुठल्या रूपात मिळतात, आणि माझी मराठी त्या पडद्यावर कशी उमटते, हे प्रश्न मला पैसे देऊन झाल्यावर पडले. एकदा चुकून शहाणपण आलं असतं तर ठीक होतं, पण तसं झालं नाही. या सगळ्यात जो पैसा गेला त्यात एक उत्तम रीडर आणि वर पुष्कळ पुस्तकं आली असती. ओळखीतली कोणी आजही विचारते, "स्वस्तात कुठला घेऊ?", तेव्हा मी ज्या टोकाने सुरुवात केली तेच टोक तिने धरलेलं मला दिसतं, आणि तिचे पैसे वाचावेत असं मनापासून वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

माझी गरज साधी होती. मी मुद्रितशोधनाचं काम करते. राहायला बदलापूर, काम गिरगावात. लोकलमधला वेळ हाच माझा स्वतःच्या वाचनाचा वेळ. घरी पोचल्यावर स्वयंपाक, आईची औषधं आणि रात्री पिशवीतून आणलेली प्रुफं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणायची सवय जुनी आहे. पण सहाशे पानांची बांधीव कादंबरी एका हातात आणि दुसऱ्या हाताने वरची कडी, असं कल्याणपर्यंत उभं राहणं मनगटाला झेपेनासं झालं. पावसाळ्यात तर वाचनालयाचं पुस्तक बाहेर काढायचा धीरच होत नसे. सहा इंची ई-रीडर दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो हे कळलं आणि ठरवलं, घ्यायचा.

आणि घेऊन आले टॅबलेट. दुकानातल्या मुलाने विचारलं, "ताई, नुसतं वाचायचं यंत्र कशाला? ह्याच्यात पुस्तकंही वाचता येतील आणि बाकी सगळंही." किंमत जवळपास तेवढीच होती, त्यामुळे हिशेब पटला. तो हिशेब चुकीचा होता हे मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं. दिवसभर प्रुफं वाचून आलेले डोळे संध्याकाळी उजेड फेकणाऱ्या काचेकडे बघायला तयार नसत. सकाळी खिडकीतून ऊन आलं की पडद्यावर ओळींऐवजी मागच्या बायकांचे चेहरे दिसत. निरोप येत, बातम्या येत, आणि मी पुस्तकातून बाहेर जाई. पुस्तक संपवायला लागणारी सलगता त्या यंत्रात नव्हती. तरी मी ते बरेच दिवस दामटत राहिले, कारण पैसे दिले होते.

टॅबलेट आणि ई-रीडर यांतला फरक मी तेव्हा नीट समजून घेतला नव्हता. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार. खालून विजेचा दाब दिला की पाहिजे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. उमटलेलं अक्षर टिकून राहायला वीज लागत नाही, ती लागते पान बदलताना. म्हणून एकदा चार्ज केलेला रीडर आठवडेच्या आठवडे चालतो. पडदा स्वतः उजेड सोडत नाही, बाहेरचा उजेड परतवतो. त्यामुळे भर उन्हात तो अधिकच स्वच्छ दिसतो. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीत आकाराला आलं आणि १९९७ साली त्याची कंपनी निघाली. २००४ मध्ये सोनीने जपानात त्यावरचा पहिला रीडर आणला, २००७ मध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं. हे सगळं माहीत असतं तर त्या मुलाला मी शांतपणे सांगितलं असतं की मला नुसतं वाचायचंच यंत्र हवं आहे.

टॅबलेट भाचीला देऊन टाकला आणि मी एका परिचितांकडून जुना रीडर घेतला. अगदी कमी पैशांत मिळाला. त्यावर त्यांनी आधीच ठेवलेली इंग्रजी कादंबरी मी गाडीत वाचून काढली आणि फार आनंद झाला. हलका, शांत, उन्हात लखलखीत. मग मी त्यावर मराठी पुस्तक चढवलं.

पहिल्याच ओळीत वेलांट्या चुकीच्या बाजूला होत्या. 'किती'मधली पहिली वेलांटी क आणि त यांच्या मध्ये येऊन पडलेली. जोडाक्षरं सगळी फुटलेली. 'स्वप्न' म्हणजे पाय मोडलेला स, मग व, मग पाय मोडलेला प, मग न. रफार आपल्या अक्षराच्या डोक्यावर न बसता आधीच कुठेतरी थांबलेला. मी आयुष्यभर हीच अक्षरं दुरुस्त करत आले आहे. ते पान मला वाचवेना.

मी फाँट बदलून पाहिला, दुसरी फाइल आणली, पुन्हा पुन्हा तेच. कारण मला नंतर कळलं. युनिकोडमध्ये 'कि' साठवला जातो तो उच्चाराच्या क्रमाने, आधी क आणि मग वेलांटी. ती वेलांटी उचलून क च्या आधी काढणं, पायमोडकी अक्षरं जुळवून जोडाक्षर घडवणं, रफार उचलून पुढच्या अक्षरावर बसवणं हे काम यंत्रातली प्रणाली करते. रोमन लिपीला यातलं काही लागत नाही, तिथे अक्षरं एकापुढे एक मांडली की झालं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण म्हणून प्रत्येक यंत्राला ती जुळवता येते असं नाही. त्या जुन्या रीडरला येत नव्हती, आणि फाँट बदलून ती येणार नव्हती. घ्यायच्या आधी एक मराठी परिच्छेद उघडून पाहिला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. परिचितांचा त्यात काही दोष नव्हता, ते इंग्रजीच वाचत. विचारायचं काम माझं होतं.

किंडलवर मराठी पुस्तकं विकायला आली ती २०१६च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमीळ आणि मल्याळम् पुस्तकांबरोबर. त्यानंतरच्या काळात निघालेली बहुतेक किंडल मराठी ठीक जुळवतात. जुना रीडर घेणाऱ्याने हा टप्पा ध्यानात ठेवावा, आणि तरीही स्वतः उघडून पाहावं. मी पुढचा रीडर घेतला तो मराठी जुळवणाराच घेतला. पण पुन्हा त्या वर्गातला सर्वांत स्वस्त.

या वेळची चूक मला फार उशिरा उमगली, कारण ती सांगणारं कोणी नव्हतं. पडद्याची सूक्ष्मता इंचाला किती ठिपके यावर मोजतात. स्वस्त सहा इंची रीडरवर इंचाला १६७ ठिपके असत, म्हणजे ८०० गुणिले ६००. त्याच आकाराच्या चांगल्या पडद्यावर ३००, म्हणजे १४४८ गुणिले १०७२. परीक्षणांत सगळीकडे लिहिलेलं असतं की रोजच्या वाचनाला १६७ पुरे आहेत. इंग्रजीला ते खरोखर पुरतात. ही परीक्षणं लिहिणारे इंग्रजी वाचतात. रोमन अक्षर एका पट्टीत बसतं. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण. आणि मध्ये द्ध, द्व, ष्ट्य, क्ष्म यांसारखी दाटीवाटी. तेवढ्याच उंचीत तिप्पट तपशील बसवायचा. १६७ ठिपक्यांत लहान अक्षर ठेवलं की पहिला आणि दुसरा उकार सारखेच दिसतात, मात्रेवरचा अनुस्वार मात्रेतच विरघळतो, 'द्ध' आणि 'द्व' अंदाजाने ओळखावे लागतात. पुस्तकात छापलेलं शुद्ध आहे की नाही हे मला दिसेचना, आणि ज्याला ते दिसत नाही त्याचं मन पुढच्या ओळीवर जात नाही. निदान माझं जात नाही.

मग अक्षर मोठं केलं. त्यावर वेगळीच अडचण आली. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि शब्द लांबतो. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. सहा इंची पडद्यावर मोठ्या अक्षरात ओळीला चार शब्द बसतात, आणि रीडर त्या चार शब्दांना ताणून दोन्ही कडा सरळ करतो. शब्दांच्या मधली पोकळी शब्दाएवढी. डोळा ओळीवर न चालता खालच्या ओळीत घसरतो. यावर उपाय आहे आणि तो सेटिंगमध्येच असतो, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी. हे बटण सापडलं त्या दिवशी मला हायसं वाटलं. पण ते १६७ ठिपक्यांवरचं औषध नव्हे. देवनागरी वाचणाऱ्याने तीनशेच्या खालचा पडदा घेऊ नये, हे मी आता कोणालाही ठामपणे सांगते. २०१९ साली भारतात ७,९९९ रुपयांना आलेलं साधं किंडल १६७चं होतं, पडद्यावर उजेड टाकणाऱ्या दिव्यांची सोय असूनही. त्याच साध्या मालिकेत ३०० आले २०२२ मध्ये. जुना घेताना मॉडेलचं नाव सारखंच दिसतं, म्हणून साल विचारावं.

फाँटबद्दलही इथेच सांगते. बऱ्याच रीडरवर आपला फाँट चढवता येतो. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका, हे दोन्ही मोफत आहेत. शोभिकात जोडाक्षरं फार निगुतीने केलेली आहेत. काही यंत्रांवर आधीच बसवलेला देवनागरी फाँट हिंदी वळणाचा असतो आणि त्यातले ल, श वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं ठरवून दिली आहेत. दोनशे पानं वाचायची असतील तर डोळ्याला ओळखीचं वळण लागतं.

आता पीडीएफ. माझे सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त आशा इथे वाया गेल्या.

मी मनाशी हिशेब केला होता की रीडर एकदा घेतला की पुस्तकं फुकट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, साने गुरुजी १९५० साली. ही सगळी दौलत मोकळी आहे. सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान नवी-जुनी पुस्तकं मोफत वाटतं. मी रात्री बसून ही पुस्तकं उतरवून घेतली. आता मरेपर्यंत वाचायला पुरेल असं वाटलं. त्यातली बहुतेक पीडीएफ, आणि जुनी होती ती सगळी पानांची छायाचित्रं.

छायाचित्रातलं अक्षर मोठं करता येत नाही, सगळं पानच मोठं होतं. हिशेब असा आहे. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ गुणिले साडेपाच इंच. सहा इंची रीडर म्हणजे कर्ण सहा इंच. प्रत्यक्ष पडदा ४.८ गुणिले ३.६ इंच. त्यात अख्खं पान बसवलं की ते मूळच्या ५६ टक्के होतं. बारा पॉइंटचं अक्षर सात पॉइंटच्या आत येतं, म्हणजे औषधाच्या वेष्टनावरच्या सूचनांसारखं. शिवाय जुन्या कागदाचा पिवळेपणा स्कॅनमध्ये राखाडी झालेला, आणि ई-इंकला राखाडीच्या सोळाच छटा येतात. अक्षरं आणि कागद एकमेकांत मिसळून जातात. बोटांनी पान मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, परत डावीकडे आणायचं, आणि दर हालचालीला पडदा लुकलुकणार. हे मी गाडीत उभ्याने करत होते.

नंतर एक युक्ती शिकले, ती इथे सांगून ठेवते. पानाच्या चारी बाजूंचा समास कापून टाकायचा, हे संगणकावर किंवा काही रीडरवर करता येतं. डेमी पुस्तकातला छापील मजकूर साधारण सव्वाचार इंच रुंद आणि सात इंच उंच असतो. समास कापून रीडर आडवा धरला की मजकुराची रुंदी पडद्याच्या ४.८ इंचांत बसते, म्हणजे अक्षर मूळ पुस्तकापेक्षाही किंचित मोठं दिसतं. एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं, पण डावी-उजवीकडची सरकवासरकव संपते. घरी मांडीवर ठेवून असं छान वाचता येतं. गाडीत एका हाताने आडवा रीडर सांभाळणं कठीण. उभ्या पानातच स्कॅन वाचायचे तर ७.८ इंची पडदा लागतो, त्यावर समास कापलेलं पान मूळच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास येतं. दहा इंचाच्या वरच्या पडद्यावर डेमी पान न कापताही जवळजवळ मूळ आकारात दिसतं, पण त्या किमतीला स्वस्त म्हणायची सोय नाही.

यावर मला कोणीतरी सुचवलं की पीडीएफचं ईपब कर, मग अक्षर हवं तेवढं मोठं होईल. कॅलिबर नावाची मोफत प्रणाली हे काम करते. ती मुंबईत जन्मलेल्या कोविद गोयल यांनी २००६ साली स्वतःच्या सोनी रीडरसाठी लिहायला घेतली आणि आज जगभर वापरली जाते. ईपब पुस्तकं सांभाळायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण स्कॅनमध्ये अक्षरंच नसतात, चित्र असतं. त्यातून ती काय काढणार? आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या फाइली जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या. त्यांचं रूपांतर केलं तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल बाहेर येतो, कारण त्या फाँटांत 'क'चं चित्र कुठल्यातरी रोमन अक्षराच्या खणात ठेवलेलं असतं. प्रुफंही आता रीडरवर वाचीन, डोळे वाचतील, कागद वाचेल, अशी जी आशा मी धरली होती ती तिथे संपली. ज्या धंद्यात मी इतकी वर्षं आहे त्या धंद्याच्या फाइलींबद्दल तरी मी आधी विचार करायला हवा होता.

बाकीच्या चुका थोडक्यात. जास्त साठवणीसाठी पैसे मोजले. नुसत्या मजकुराची कादंबरी एक-दोन एमबीची असते, सर्वांत लहान रीडरवरही हजारो मावतात. एक रीडर भाच्याने परदेशातून आणून दिला, तिकडे स्वस्त म्हणून. त्याची हमी इकडे चालत नव्हती आणि मी तो कव्हरशिवाय पिशवीत टाकून फिरले, कारण कव्हरची किंमत मला अवाजवी वाटली होती. कुर्ल्याच्या गर्दीत पिशवी दाबली गेली. बाहेरून ओरखडाही नव्हता, पण आतली काच तडकली होती. वरच्या अर्ध्या भागात पान उलटत होतं आणि खालच्या अर्ध्यात जुन्या पानाच्या ओळी गोठून बसल्या. पडदा बदलायचा खर्च नव्या रीडरच्या जवळ जाणारा. कव्हर हे रीडरच्या किमतीतच धरावं, आणि पावसाळ्यात बंद होणारी प्लास्टिकची पिशवीही.

पुस्तक विकत घेण्याबाबतही एक गोष्ट आधी तपासावी. मराठी ई-पुस्तकं विकणारी काही दालनं आपलं पुस्तक आपल्याच ॲपमध्ये उघडू देतात. ते फोनवर दिसतं, साध्या ई-रीडरवर चढत नाही. मी आवडीची पुस्तकं अशी घेऊन बसले आणि ती आजही फोनमध्येच आहेत. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडर मिळतात, त्यांवर ॲप चालतात, पण ते महाग आणि त्यांची बॅटरी लवकर उतरते. कोबो कंपनीचा रीडर ईपब थेट वाचतो. किंडलला २०२२पासून ईपब पाठवता येतं, ते पाठवताना बदलून घेतलं जातं. आणि ज्याला आपण विकत घेणं म्हणतो तो बहुतेक ठिकाणी वाचण्याचा परवाना असतो. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. नंतर कंपनीने माफी मागितली. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलवर चढवायची सोय फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. जे पुस्तक मला जन्मभर जवळ हवं असतं ते मी आता कागदावर घेते, किंवा जिथून कुलूप नसलेली फाइल मिळते तिथून.

आईबद्दल लिहायचं आहे, आणि ते लिहिताना मला अजून वाईट वाटतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आईला पुस्तकातलं लहान अक्षर सुधरत नव्हतं. ती पूर्वी दिवसाला एक पुस्तक संपवणारी बाई. मी माझा १६७ ठिपक्यांचा, उजेड नसलेला रीडर तिला दिला. मनात विचार असा होता की तिला घरीच तर वाचायचं आहे, तिला चालेल. आणि स्वतःसाठी नवा घेतला, ३००चा, सात इंची, मागे-पुढे करायला बाजूला बटणं असलेला. आईने रीडर घेतला, "छान आहे गं" म्हणाली. काही दिवसांनी तो कपाटात साड्यांच्या घडीवर दिसला. मी विचारलं तर म्हणाली, "डोळे दुखतात जरा. वाचीन नंतर." तिने तक्रार केली नाही म्हणून मीही तो विषय सोडला.

खरं तर म्हाताऱ्या डोळ्याला तरण्या डोळ्यापेक्षा जास्त उजेड लागतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त ठसठशीत लागतो. चांगल्या रीडरची खरी गरज तिला होती. शिवाय तिचा अंगठा थरथरतो. पडद्याला जरा लागला की पान उलटायचं, आपण कुठे होतो ते तिला सापडायचं नाही, आणि हे सांगायची तिला लाज वाटे. मला हे एका रविवारी तिच्या शेजारी बसल्यावर कळलं. पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो त्यालाही ती घाबरली होती. "अगं, बिघडला वाटतं माझ्या हातून," असं समजून तिने तो ठेवून दिला होता. जुनं अक्षर पुसायला पडदा तसं करतो हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

माझा रीडर मी तिला दिला. अक्षर सर्वांत मोठ्याच्या एक पायरी खाली, जाड, डावी कड सरळ, ओळींतलं अंतर जास्त, उजेड पिवळसर, पडद्याचा स्पर्श बंद, पान फक्त बटणाने. एवढी मांडणी करायला अर्धा तास लागला. त्या रात्री तिने खोलीतला दिवा घालवून वाचलं. पुढच्या आठवड्यात ती मला पुस्तकाचा शेवट सांगू लागली तेव्हा मी तिला थांबवलं, कारण ते मला वाचायचं होतं. माझ्यासाठी मी तसाच दुसरा घेतला, सूट वगैरे न बघता. नव्या रीडरच्या किमती वर गेल्या आहेत. २०२५मध्ये भारतात आलेलं नवं किंडल पेपरव्हाइट १६,९९९ रुपयांचं होतं. पण रोज वाचला जातो तो रीडर मला महाग पडला नाही, कपाटात गेलेले सगळे पडले.

आता कोणी विचारलं तर मी आधी दहा पुस्तकांची नावं लिहून आणायला सांगते. ती कुठे मिळतात आणि कुठल्या रूपात, ते दोघी मिळून बघतो. इंग्रजीच वाचायचं असेल तर जुना, स्वस्त रीडरही चालेल, आणि मी तसं सांगतेही. नवं मराठी असेल तर ते कुठल्या दालनात आहे त्यावरून रीडर ठरतो. जुने स्कॅन वाचायचे असतील तर मोठा पडदा किंवा आडवा धरायची तयारी. एका मैत्रिणीच्या यादीतलं एकही पुस्तक ई-रूपात नव्हतं. तिला मी वाचनालयाची वर्गणी भरायला सांगितलं.

आईच्या यादीतही असं एक पुस्तक होतं. तिने शाळेत असताना वाचलेलं, लेखक जाऊन साठ वर्षं उलटून गेलेली. स्कॅन मिळतो, पण तो तिच्या कामाचा नाही. त्यासाठी मी मराठी विकिस्रोतावर काम सुरू केलं. तिथे एका बाजूला स्कॅन केलेलं पान दिसतं, दुसऱ्या बाजूला संगणकाने ओळखलेला मजकूर. तो ताडून दुरुस्त करायचा. संगणक 'घ' आणि 'ध' यांत गोंधळतो, रफार गाळतो, अनुस्वार कुठेही टाकतो. हे माझं रोजचंच काम आहे, फक्त इथे पानं झाली की ती ईपब म्हणून उतरवता येतात आणि कोणालाही, मराठी जुळवणाऱ्या कुठल्याही रीडरवर, हव्या त्या आकारात वाचता येतात. मी रात्री प्रुफं संपल्यावर थोडी पानं करते. पहिलं प्रकरण झालं तेव्हा ते आईच्या रीडरवर चढवलं. तिने वाचलं आणि वहीच्या कागदावर माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका लिहून दिल्या. त्या मी दुरुस्त केल्या आहेत, आणि दुसऱ्या प्रकरणाची पानं ती आता रोज मागते आहे.